जीर्णोद्धार कीं खरवड?

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या समाजांत अलीकडे जें प्रेम उत्पन्न झालें आहे, त्याबद्दल आनंद मानावा कीं चिंता करावी, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस पडला आहे. माळ्यावर धूळ खात पडलेला आजोबांचा चावीचा ग्रामोफोन खालीं उतरतो, दिवाणखान्यांत येतो, आल्यागेल्याला कौतुकानें दाखविला जातो, हें कोणासही आवडण्यासारखेंच आहे. पण तो माळ्यावरून उतरल्यापासून दिवाणखान्यांत विराजमान होईपर्यंत मधल्या आठ दिवसांत त्याच्या लाकडी पेटीवर जे प्रयोग होतात, ते पाहिले म्हणजे ती बिचारी माळ्यावरच सुखी होती असें म्हणण्याची पाळी येते. रविवारीं सकाळीं घरचे उत्साही चिरंजीव रंग काढण्याचें रसायन, कांचकागद आणि विजेवर फिरणारें घासणीचें यंत्र घेऊन बसतात; दुपारपर्यंत शंभर वर्षांचें पॉलिश वर्तमानपत्राच्या कागदावर लगदा होऊन पडतें; आणि संध्याकाळीं त्या उघड्या लाकडावर डब्यांतील चकचकीत प्लास्टिकचा थर चढतो. मग ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशीं दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं मांडून मित्रमंडळींकडे धाडलीं जातात, आणि मित्रमंडळीही ‘वा! अगदीं नवा दिसतो!’ असा अभिप्राय देऊन मोकळी होते.

या अभिप्रायांतच सर्व अनर्थाचें मूळ आहे. शंभर वर्षांची वस्तु जर अगदीं नवी दिसूं लागली, तर तिचा उद्धार झाला असें न म्हणतां तिचा अंत झाला असें म्हणावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें सकारण मांडावें एवढ्याचसाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. कोणी गैरसमज करून घेऊं नये. घरच्या माणसांनीं पेटीला हातच लावूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. हें काम घरीं होण्यासारखें आहे, किंबहुना तें घरींच अधिक चांगलें होतें, हें आम्ही पुढें दाखविणार आहों. आमची तक्रार आहे ती कांचकागदाबद्दल, आणि त्याच्यामागें असलेल्या वृत्तीबद्दल.

हा वाद नवा नाहीं. आणि योगायोग असा कीं, हा वाद हातीं घेणारें मंडळ व ग्रामोफोनाचा पूर्वज हीं दोन्हीं एकाच वर्षीं जन्मास आलीं. १८७७ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मेन्लो पार्क येथें एडिसननें कथलाच्या पातळ वर्खावर आवाज उमटवून तो परत ऐकविला. त्याच १८७७ सालीं इंग्लंडांत विल्यम मॉरिस या कवि-कारागिरानें आपल्या स्नेह्यांसह जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठीं एक मंडळ स्थापन केलें. तेथील जुन्या चर्चांचा ‘जीर्णोद्धार’ करण्याची त्या वेळीं लाट आली होती. भिंतींचा जुना गिलावा खरवडून दगड उघडे पाडावयाचे, मधल्या शतकांत पडलेली भर पाडून टाकावयाची, आणि मूळ बांधणारांच्या मनांत जें असेल असें आपणांस वाटतें तें नव्यानें उभारावयाचें, अशी त्या उद्धाराची रीत होती. मॉरिसच्या मंडळानें तिच्याविरुद्ध कंबर कसली, आणि त्यामुळेंच त्या मंडळास ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे ‘खरवडविरोधी’, असें टोपणनांव पडलें. मंडळ आजही हयात आहे. पुढें १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं जी सनद तयार केली, तिच्यांतही हेंच तत्त्व आहे: जेथें आपला तर्क सुरू होतो, तेथें जीर्णोद्धारानें थांबलें पाहिजे. चर्चला व राजवाड्याला लावावयाचा हा न्याय हातभर लांबीच्या लाकडी पेटीस कशाला, असें कोणी विचारील. याचें उत्तर देण्यापूर्वी ती पेटी म्हणजे काय चीज आहे, हें पाहणें अवश्य आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, यंत्र काय तें आंतलें, पेटी ही त्याची नुसती खोळ. आरंभीं हें बहुतांशीं खरेंही होतें. एडिसनच्या नळकांड्याच्या फोनोग्राफांत काय किंवा बर्लिनरच्या तबकडीच्या ग्रामोफोनांत काय, आवाज बाहेर पडे तो उघड्या कर्ण्यांतून. पेटीनें चावीचें यंत्र तेवढें झांकावें. परंतु १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें ‘व्हिक्ट्रोला’ नांवाचें यंत्र बाजारांत आणिलें. त्यांत कर्णा दुमडून पेटीच्या पोटांत घातलेला होता, आणि त्याच्या तोंडाशीं लहानशीं दारें होतीं. दारें सताड उघडीं टाकलीं कीं आवाज मोठा येई, लोटून घेतलीं कीं लहान. १९२५ सालीं त्याच कंपनीनें काढलेल्या ‘ऑर्थोफोनिक’ यंत्रांत तर या पोटांतल्या कर्ण्याचा आकार व त्याचीं वळणें गणितानें ठरविलेलीं होतीं. सांध्यांतून हवा निसटूं लागली कीं खर्जाचे स्वर दुबळे पडावयाचे. अशा यंत्राची पेटी ही वाद्याचेंच अंग होय. तंबोऱ्याच्या भोपळ्यास कोणी खोळ म्हणत नाहीं.

दुसरी गोष्ट आपणां हिंदी लोकांच्या अधिक जवळची आहे. त्या काळच्या पुष्कळ पेट्यांवर जें पॉलिश असे, त्यांत चपडी लाखेचा वाटा मोठा होता. कांहींवर निव्वळ लाख, कांहींवर खालीं लाख व वर व्हार्निश, असा प्रकार असे. ही लाख आली कोठून? आज ज्यांस आपण झारखंड व छत्तीसगड म्हणतों, त्या प्रदेशांच्या रानांत पळस, कुसुंब व बोर या झाडांच्या डहाळ्यांवर वस्ती करणारे इवलेसे किडे जो राळेसारखा पदार्थ स्रवतात, तीच ही लाख. तिचा व्यापार इतका मोठा होता कीं, तिच्या संशोधनासाठीं रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं स्वतंत्र संस्था काढावी लागली. आतां गंमत अशी कीं, जी लाख पेटीच्या अंगावर चढे, तीच लाख दगडाची पूड आणि काजळी यांना एकत्र बांधून तबकडीही घडवी. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर निर्बंध घातले, यावरून तबकडीचें तिच्यावांचून किती अडत असे तें दिसून येईल. कलकत्त्यास सियालदा येथें १९०८ सालीं तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, आणि बालगंधर्व, केशवराव भोसले, हिराबाई बडोदेकर यांचें गाणें घरोघर गेलें तें या लाखेवर बसूनच.

म्हणजे गाणें ज्या द्रव्यांत उमटलें, त्याच द्रव्यानें तें वाजविणाऱ्या पेटीचें अंग माखलेलें होतें. जुनी तबकडी स्पिरिटानें पुसूं नये, हें संग्राहकाच्या घरचें शेंबडें पोरही जाणतें. कारण स्पिरिट लागतांच लाख विरघळते आणि गाण्याची रेघ बुजते. तबकडीच्या बाबतींत इतकें सोवळें पाळणारा हाच गृहस्थ त्याच लाखेचा पेटीवरील थर मात्र खुशाल खरवडून केराच्या टोपलींत टाकतो, यास काय म्हणावें? तबकडीवर सुईनें कोरलेली रेघ तेवढी जतन करण्याजोगी, आणि पेटीवर तीन पिढ्यांच्या हातांनीं उमटविलेली खूण ती मात्र मळ, हा भेद कोणत्या न्यायानें केला?

खरवडींत नेमकें काय नाहींसें होतें, याचा हिशेब आतां करूं. पहिला जातो तो रंग. मॅहोगनीच्या पेटीचा तो गडद तांबूस रंग पुष्कळदां नुसत्या लाकडाचा नसतो. लाकडाला दिलेला रंग, त्याच्या रंध्रांत भरलेली लुगदी आणि वरचें पॉलिश या तिघांच्या मिलाफानें तो सिद्ध झालेला असतो. हे थर एकदां निघाले, कीं मूळ छटा कोणती होती हें सांगणारा साक्षीदारच उरत नाहीं. ओकच्या कित्येक पेट्या अमोनियाच्या वाफेंत ठेवून काळसर केलेल्या असत. ती काळोखी लाकडाच्या वरच्या अंगापुरतीच असते, आणि कांचकागदाचे चार हात फिरले कीं खालचें फिकें लाकूड दांत विचकूं लागतें. दुसरा जातो तो पापुद्रा. या पेट्यांच्या बाजू बहुधा एकजात उंची लाकडाच्या नसतात. साध्या लाकडावर उंची लाकडाचा पातळ पापुद्रा सरसानें चिकटविलेला असतो, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदां त्याहूनही कमी असते. विजेचें यंत्र कडेवर क्षणभर रेंगाळलें, तरी पापुद्रा फाटून खालचें हलकें लाकूड उघडें पडतें. मग त्याला औषध नाहीं. तिसरा जातो तो सोनेरी छाप. कारखान्याचें नांव किंवा चिन्ह अलगद उतरवून घेतलेल्या त्या नाजूक छापास स्पिरिट, रसायन किंवा नखही सोसत नाहीं. नवा छाप छापून आणतां येतो, परंतु तो कारखान्यानें लावलेला नसतो, एवढें तरी लावणारानें आपल्या मनाशीं कबूल करावें.

चौथी हानि सर्वांत मोठी, आणि तिच्याकडे कोणाचेंच लक्ष नाहीं. मुंबईच्या चोरबाजारांत, मटण स्ट्रीटवर, आणि इतर शहरांतील जुन्या वस्तूंच्या दुकानांतही, जे कर्णेवाले ग्रामोफोन मांडलेले दिसतात, त्यांतील कित्येक ‘जुने’ यंत्र कालपरवां जुळविलेले असतात. नव्या लाकडाची पेटी, नवा पितळी कर्णा, कोणा मोडक्या प्रवासी ग्रामोफोनाचें पोट, आणि वर खपासाठीं कुत्र्याची पट्टी. ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ म्हणण्याची वेळ गिऱ्हाइकावर यावी, इतका या कुत्र्याचा सुळसुळाट झाला आहे. आतां अस्सल पेटी आणि ही नक्कल यांतील भेद ओळखावा कशानें? सांध्यांतील सरसानें, स्क्रूच्या डोक्यांवरील गंजानें, आंतल्या बाजूच्या रंध्याच्या खुणांनीं, आणि सर्वांत आधीं पॉलिशावर पडलेल्या काळाच्या जाळीनें. चावीच्या भोंकाभोंवतीं पडलेली झीज, झांकणाच्या कडेला बोटांनीं घासून गेलेला पट्टा, दारांच्या मुठीजवळ जमलेली काळोखी, या गोष्टी कोणाही नकलाकाराला हुबेहूब साधत नाहींत, कारण त्यांना जो वेळ लागतो तो विकत मिळत नाहीं. अस्सल पेटी खरवडणारा माणूस तिच्या अस्सलपणाचा दाखला स्वतःच्या हातानें फाडून टाकतो, आणि तिला नकलांच्या रांगेंत नेऊन बसवितो. शत्रूनेंही याहून अधिक काय करावें?

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही परामर्श घेतला पाहिजे. कोणी म्हणतात, “कारखान्यांतून निघाली तेव्हां पेटी चकचकीतच होती, ती पुन्हा चकचकीत करणें हीच मूळाशीं निष्ठा.” युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण ती चकाकी होती पातळ थरावर थर चढवून, प्रत्येक थर हातानें घासून आणलेली. तिच्यांतून लाकडाची नस खोलवर दिसे. आजच्या पॉलियुरेथेनचा जाड थर म्हणजे लाकडावर ठेवलेली कांच होय. शिवाय लाखेचा थर स्पिरिटानें पुन्हा मऊ होतो, दुरुस्त होतो, हवा तेव्हां उतरवितां येतो. पॉलियुरेथेन एकदां वाळलें कीं तें खरवडल्यावांचून निघत नाहीं, म्हणजे पुढच्या पिढीला आपण आणखी एका खरवडीचें ऋण करून ठेवितों. आणि समजा, हुबेहूब पहिल्या दिवसासारखी चकाकी आणतां आली, तरी तो पहिला दिवस परत येतो असें थोडेंच आहे? पणजीबाईंना नवरीचा शालू नेसवून गालांस रंग फासला, तर त्यांचें तारुण्य परत येत नाहीं; घरांतल्या माणसांना मान खालीं घालावी लागते इतकेंच.

दुसरे म्हणतात, “पेटी आमची, पैसा आमचा, तुम्ही कोण?” कायद्याच्या दृष्टीनें हें उत्तर चोख आहे. पण आपल्याकडील १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूला पुरावस्तु मानण्यासाठीं सामान्यतः शंभर वर्षांची वयोमर्यादा घातली आहे, आणि आज घरोघर असलेल्या कित्येक पेट्यांनीं ती ओलांडली आहे, हें ध्यानांत असूं द्यावें. प्रत्येक पेटी कायद्यानें पुरावस्तु ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्या वस्तूनें आपल्या आधीं तीन धनी पाहिले, तिचे आपण चौथे धनी आहों, शेवटचे नव्हे. तिसरे व्यवहारी लोक सांगतात, “बाजारांत भाव येतो तो चकाकीला.” येतो खरा, पण अजाण गिऱ्हाइकाकडून. जाणता संग्राहक मूळ पॉलिशाची पेटी दुरून ओळखतो, आणि खरवडलेली पेटी पाहून पुढें चालूं लागतो.

हें सर्व सांगण्याचा आम्हांस अधिकार काय, असें वाचकांनीं विचारिलें तर तें रास्त होईल. आमचा अधिकार अपराध्याचा आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी, ऐन उमेदीच्या वयांत, प्रस्तुत लेखकानें आपल्या घरचा ओकच्या पेटीचा ग्रामोफोन असाच ‘नवा’ केला. चावी उजव्या बाजूला होती. ती देतांना पेटी हलूं नये म्हणून डावा तळहात झांकणाच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून धरावा लागे. आमच्या आजीनें ही चावी पन्नासएक वर्षें दिली होती, आणि त्या कोपऱ्यावर तळहाताएवढा फिकट, किंचित् खोलगट पट्टा पडला होता. आम्हांस तो डाग वाटला. प्रथम कॉस्टिक सोड्याचें पाणी फांसलें. पॉलिश निघालें, पण क्षाराशीं गांठ पडतांच ओक काळा ठिक्कर पडला. काळेपणा जावा म्हणून कांचकागद घेतला. कांचकागदानें काळेपणाबरोबर कोपराही गोल केला. शेवटीं चकचकीत व्हार्निशाचे तीन हात दिले, आणि पेटी मोठ्या अभिमानानें आजीपुढें नेऊन ठेविली. मोतीबिंदूमुळें तिला नीट दिसत नसे. तिनें संवयीनें डावा हात पुढें केला, कोपरा चांचपला, आणि विचारिलें, “ही कोणाची आणलीस रे?” आम्ही सांगितलें कीं आपलीच आहे. “असेल बाबा,” असें म्हणून तिनें हात मागें घेतला. त्यानंतर तिनें त्या पेटीला चावी दिल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

“तर मग पेटी कशी आहे तशीच किडूं द्यावी काय?” हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. मुळींच नाहीं. उपेक्षा हा खरवडीचा थोरला भाऊ आहे. करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें घरीं करतां येतें. फक्त सौम्य उपाय आधीं, कडक उपाय मागाहून, आणि गरज संपली कीं हात थांबवावयाचा, एवढा एक नियम पाळला पाहिजे. वैद्यही लंघनानें भागत असेल तर शस्त्र उचलीत नाहीं.

प्रथम चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत, आणि तीं जपून ठेवावींत. स्प्रिंग पूर्ण उतरवून मगच यंत्र पेटींतून बाहेर काढावें. ताणलेल्या स्प्रिंगशीं खेळ हा जिवावरचा खेळ आहे. धूळ मऊ ब्रशानें झाडावी. शंभर वर्षांचा मेण-तेलाचा चिकटा टर्पेंटाइनच्या जातीच्या द्रवानें, खिडक्या उघड्या ठेवून, हलक्या हातानें पुसावा. लाखेस त्यानें अपाय होत नाहीं, तरी सोनेरी छाप वगळावा. धुण्याचा सोडा, कडक साबण, अमोनिया असलेलीं धावनें आणि सिलिकोनची फवारणी यांना उंबऱ्याच्या आंत घेऊं नये. पहिलीं तिन्हीं लाखेस खातात, आणि सिलिकोन एकदां लाकडांत मुरलें कीं पुढें कोणतेंही पॉलिश त्यावर धड बसत नाहीं. एवढ्या पुसण्यानेंच दहांतील कितीएक पेट्या अशा उजळतात कीं पुढें कांहीं करण्याची इच्छाच राहूं नये.

मग सांधे पाहावेत. सुटलेला सांधा हाच आवाजांतील खरखरीचा खरा धनी असतो. जुन्या पेट्या सरसानें जोडलेल्या असतात, आणि सरसाचा मोठा गुण हा कीं गरम पाण्यानें तो पुन्हा सुटतो व नव्या सरसाशीं एकजीव होतो. म्हणून तेथें आजच्या पक्क्या चिकटद्रव्यांचा मोह आवरावा. सरस थंड पाण्यांत भिजवून, भांड्यांत भांडें ठेवून मंद आंचेवर पातळ करावा, सांध्यांत सोडावा आणि शिकंज्यांत आवळून रात्रभर ठेवावा. उचललेल्या पापुद्र्याखालीं तोच सरस पिचकारीच्या सुईनें सोडून दाबून बसवावा. गेलेला तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा बसवावा.

पॉलिशाची पाळी सर्वांत शेवटीं. पेटीच्या मागील न दिसणाऱ्या जागीं स्पिरिटाचा थेंब लावून पाहावा. थर चिकट झाला तर तो लाखेचा. स्पिरिटाला न जुमानतां थिनरनें विरघळला तर तो १९२० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेल्या सेल्युलोज लॅकरचा. दोघांनाही दाद देत नसेल तर बहुधा तेलाच्या व्हार्निशाचा. लाखेचा थर सुसरीच्या पाठीसारखा तडकलेला असेल, तर त्यावर स्पिरिटाचा हलका हात फिरवावा. तीच जुनी लाख मऊ होऊन वाहते, भेगा आपोआप मिटतात, आणि नवें कांहींही न घालतां जुनेंच पॉलिश पुन्हा उभें राहतें. खरवडणारांना या गोष्टीची वार्ताही नसते. ज्याला ते प्रेत समजून जाळावयास निघतात, तें दोन थेंबांत डोळे उघडतें. जेथें थर अगदींच उडाला असेल, तेथें चपडी स्पिरिटांत विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीनें, तेवढ्याच जागीं पातळ पुटें द्यावींत. द्राव थोडा थोडा ताजा करावा. जुना झालेला कडक वाळत नाहीं. आणि हें काम पावसाळ्यांत करूं नये. दमट हवेंत लाखेवर पांढरी सांय धरते. शेवटीं मधमाश्यांच्या मेणाचा एक हात पुरे. जें केलें तें तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पेटींत ठेवावी, म्हणजे पुढच्या धन्यास आपलें काम व कारखान्याचें काम वेगवेगळें ओळखतां येईल.

अपवाद आहेत, ते आम्ही नाकारीत नाहीं. पुरांत भिजून जिचें पॉलिश सगळें निघून गेलें, किंवा कोणा पूर्वजानें जिला कपाटाचा तेलरंग फासून ठेविला, अशी पेटी नव्यानेंच पॉलिश करावी लागेल. पण तेव्हांही लाखेनें, आणि बेताबेतानें. रंग काढण्याच्या कडक रसायनांबद्दल एवढेंच सांगतों कीं, त्यांतील पुष्कळांत पूर्वी असलेलें मेथिलीन क्लोराइड हें द्रव्य इतकें घातक ठरलें कीं, अमेरिकेनें २०१९ सालीं तें असलेल्या रंगनाशकांची घरगुती ग्राहकांस किरकोळ विक्री बंद केली. जें माणसाच्या फुप्फुसाला मानवत नाहीं, तें घरांत आणण्यापूर्वी दहा वेळां विचार करावा.

जातां जातां, दुसऱ्या टोकाला बसलेल्या मंडळींनाही दोन शब्द. “हें तज्ज्ञांचें काम, घरगुती माणसानें हात लावूं नये,” असें म्हणणारे विद्वान् पेटीला माळ्यावरच ठेवण्याची शिक्षा देतात. गांवोगांव तज्ज्ञ कोठून आणावे? आणि पदरमोड करून कारागीर बोलाविला, तर तोही आधीं कांचकागदच मागतो, असा आमचा अनुभव आहे. लाख, सरस, स्पिरिट, मेण आणि फडकें हीं पांच द्रव्यें कोठेंही मिळतात. सहावें द्रव्य धीर, तें घरच्या माणसाजवळ कारागिरापेक्षां अधिक असतें, कारण त्याला संध्याकाळीं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जावयाचें नसतें.

ज्या कुत्र्याच्या चित्रानें हा सारा व्यापार जगभर गाजला, त्याचीच हकीकत सांगून हा लेख पुरा करितों. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानें तें चित्र प्रथम काढलें, तेव्हां निपर नांवाचा तो कुत्रा एडिसनच्या धर्तीच्या नळकांड्याच्या फोनोग्राफापुढें कान देऊन बसलेला होता. १८९९ सालीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेण्याचें कबूल केलें तें फोनोग्राफाच्या जागीं आपला ग्रामोफोन काढून देण्याच्या अटीवर. बॅरॉडनें नवें यंत्र जुन्याच्या वरतीच रंगविलें; जुना रंग त्यानें खरवडला नाहीं. म्हणून मूळ चित्रावर विशिष्ट बाजूनें प्रकाश पडला, कीं ग्रामोफोनाच्या खालीं तो पहिला फोनोग्राफ आजही दिसतो.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांना आमची इतकीच विनंति आहे कीं, रसायनाचा डबा उघडण्यापूर्वी त्यांनीं एकदां पेटी खिडकीशीं न्यावी, तिच्यावर तिरपा उजेड घ्यावा, आणि चावी देतांना डावा हात जेथें टेकतो त्या जागीं आपला तळहात ठेवून पाहावा. तेथें कोणाचा तरी हात आधींच असेल.